रीताचा सहावा भाग

माह्या भावाले, मुखरूदादाले, तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं नेलं त्याले पाच महिने झाले. ना त्यानं लगन केलं, ना मी. शाळेतली खिचडी शिजवून दुपारी घरी येते, तं बोलाले कोणी नाई. लय सुनं वाटते.

म्हणून मोबाईलवर टोपल्याचे शिनेमे काढले. टोपल्या म्हणजे तोंडावर वेताची टोपली बांधून कुऱ्हाडीनं माणसं तोडणारा. एका भागात मेला तं दुसऱ्यात उठते, निर्लज्ज मेला! सहा भाग आहेत त्याचे. मले एकच पाहाचं होतं, सहाव्यात रीता वाचते का नाई.

लहानपणी नागभीडात राइस मिलच्या मागं व्हिडिओ हॉल होता. बारदान्यावर बसाचं. शिनेमा इंग्रजी, कोणाले ओ का ठो समजे नाई. म्हणून मालकानं दादाले ठेवलं. दादा टीव्हीजवळ काडी घेऊन उभा राहे अन् आपल्या बोलीत गोष्ट सांगे. "हे पाहा, ही रीता. हिची माय नाई. पण पोरगी हुशार आहे, मरत नाई." गोऱ्या पोरीचं नाव रीता कसं, हे कोणी विचारलं नाई.

त्याच वर्षी आमची माय गेली होती. मी नऊची, दादा एकोणीसचा. तोच माही वेणी घाले, वाकडी.

पाच भाग पाहिले. मंग घरोघरी केबल आली, हॉल बंद पडला. सहावा राह्यला तो राह्यलाच. दवाखान्यात दादाचा अर्धा जबडा काढला, बोलणं गेलं. तई मी उगीच विचारलं, "दादा, रीताचं का झालं गा?" त्यानं दोन्ही हातांनी छप्पर करून दाखवलं. घरी गेली म्हणे.

आता मोबाईलवर हिंदीत पाहाले बसली, तं दुसऱ्याच भागात टोपल्यानं रीताले मारलं. मारलं म्हणजे मारलंच. पेटीत घालून मातीही दिली! मले आठवलं, तिथंच दादानं मले फुटाणे आणाले पाठवलं होतं.

तिसऱ्या भागात दुसरीच पोरगी. दादा म्हणला होता, "रीतानं बाल कापले." चौथ्यात तिसरी. "लगन झालं, जाडी झाली." पाचव्यात, "चष्मा लागला तिले." अन् मी येडी, सगळं खरं मानलं! हॉलमधले एवढे मोठे बाप्ये, एकही बोलला नाई. आमची माय गेली, हे सगळ्याइले मालूम होतं.

"लबाड!" मी दादाच्या फोटोकडे पाहून वरडली. मंग लय रडली. त्याच्या माघारी एवढी रडली नव्हती.

सहावा लावला. त्यात रीता कुठून असणार? एक नवीनच पोरगी जंगलातून धावून राह्यली होती, मागं टोपल्या. मी आवाज बंद केला. चुलीजवळची काडी उचलली अन् रिकाम्या घरात जोरानं सांगाले लागली.

"हे पाहा, ही रीता. आता चाळीसची झाली. पाय दुखते, तरी धावते. ते पाहा, घर आलं. दार लागलं आहे. तिनं कडी वाजवली."

पोरगी दारावर हात आपटत होती. मी काडी मोबाईलमधल्या त्या दारावर टेकवली.

"दार उघडलं. भाऊ आहे. म्हणते, आलीस बाई? हात धू, जेवाले बस."