बंदच्या दिवशीचा पंप

शरच्चंद्र चाकूनं दारावरचं डांबर खरवडत होता. ‘फितूर’मधला ‘फि’ निघाला होता, पुढची अक्षरं लाकडात मुरली होती. लालबागच्या त्या चाळीत गॅलरीतून जाणारे लोक त्याला टाळून, कठड्याला अंग घासत जात होते.

बंदच्या दिवशी तो परळच्या प्रयोगशाळेत गेला होता. तिथं सर्पदंशावरचं औषध गोठवून वाळवत. पंप कुप्यांतली हवा ओढून घेई आणि आतला बर्फ न वितळता वाफ होऊन निघून जाई. पंप मध्येच थांबला की बर्फ वितळून सगळं औषध फुकट. आदल्या दिवशी लावलेला कुप्यांचा घाणा अर्ध्यावर होता आणि रात्रपाळीचा माणूस गेल्यावर पंपापाशी कुणीच राहणार नव्हतं. म्हणून पहाटे तो गुपचूप गेला.

पण समितीनं पुकारलेला तो बंद मोर्चावरच्या गोळीबारात गेलेल्यांसाठी होता. त्यांत त्याच्या बायकोचा, कालिंदीचा, धाकटा भाऊ रामदास होता. कामावर जाणार नाही, असं शरच्चंद्रनं तिच्या हातावर हात ठेवून सांगितलं होतं.

शेजारचा गुणाजी गिरणीत निघाला, तसा शरच्चंद्र त्याच्या आडवा आला.

“तूच मला जाताना पाहिलंस ना?”

“मी झोपलो होतो, रे.”

“मग समितीला कुणी सांगितलं?”

गुणाजीनं मान खाली घातली. “घरात विचार,” म्हणाला आणि जिना उतरला.

आत कालिंदी तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

“मीच सांगितलं.”

शरच्चंद्र उंबऱ्यावर बसला. चाकू अजून हातातच होता.

“पंप बंद पडला असता तर माणसं मेली असती, कालिंदी.”

“माहीत आहे मला. तसं सांगितलं असतंत, तर मीच डबा करून दिला असता.” तिचा आवाज चढला नाही. “मी जागी होते. तुम्ही चपला हातात घेऊन गेलात. रामदासच्या फोटोसमोरून.”

त्यानं चाकू उंबऱ्यावर ठेवला.

“पुढच्या सोमवारी परत बंद आहे,” ती म्हणाली.

तो म्हणाला, “तेव्हाही घाणा लावलेला असेल. पंप चालूच असेल.”

“मग या वेळी सांगून जा.”

कळशी उचलून ती नळावर गेली. तिथं तिच्याशीही कुणी बोलत नव्हतं.