एर्मेलीनच्या नोंदीतले बारा शब्द

कोशाच्या कार्यालयात कापलेला मजकूर टाकून देत नसत. ज्यानं कापला त्यानंच तो खायचा, असा तिथला रिवाज होता. शालन नाईकवडी सव्वीस वर्षं इतिहासाच्या नोंदी तपासत होत्या, म्हणजे सव्वीस वर्षं हे खात होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा उबग आला होता. लोकांना वाटतं, कागदच तो, त्याला कसली आलीय चव. कागद कुठला? पेन्सिलीनं रेघ मारली की वाक्य ओळीतून सुटून बशीत पडे, ओलसर आणि कोमट, आणि गार व्हायच्या आत ते संपवावं लागे. गार झालेल्या वाक्याबद्दल तर विचारूच नका.

चवीचं एक वेळ सोडून देता आलं असतं. पण गिळलेलं वाक्य जगातूनच जाई. नोकरीच्या चौथ्या वर्षी शालनबाईंनी एका सुईणीबद्दलची ओळ गिळली होती, आणि दुसऱ्या दिवशी ज्या ग्रंथातून ती घेतली होती त्या ग्रंथात तेवढीच जागा कोरी होती. ती सुईण कुठली, तिनं काय केलं, हे आता शालनबाईंनाही सांगता येत नाही. ओळ कडवट होती, एवढंच आठवतं.

त्या दिवशी अकरा वाजता मुख्य संपादक अष्टेकर यांनी नवी नोंद टेबलावर ठेवली. एर्मेलीन. धर्मयुद्धांच्या काळातली, समुद्रकाठच्या एका किल्ल्याची मालकीण.

"चारशे दहा शब्द आहेत, नव्वदवर आणा," अष्टेकर म्हणाले.

"नव्वद? खोगिराच्या नोंदीला किती दिलेत, सर?"

"खोगिराला तीनशे. खोगीर सगळीकडे वापरतात, मॅडम."

शालनबाईंनी पेन्सिलीला टोक काढलं.

समोरच्या बाकावर एर्मेलीनचे तिन्ही नवरे येऊन बसले होते. ज्याची कोशात स्वतंत्र नोंद असेल त्याला संबंधित नोंदीच्या वेळी हजर राहता येत असे, आणि या तिघांची होती. एर्मेलीनला यायला परवानगी नव्हती, कारण तिची नोंद अजून मान्य व्हायची होती. पहिला नवरा म्हातारा, त्याच्या दाढीत कसलेसे दाणे अडकलेले. दुसऱ्याच्या कातडी अंगरख्याला ओल्या घोड्याचा वास येत होता. तिसरा धिप्पाड, तो नखानं दात कोरी आणि निघालेलं काय ते नीट निरखून परत तोंडात टाकी. शालनबाईंनी नाकाला पदर लावला.

कार्यालयातल्या मदतनीस गोदाक्का बशी, मीठ आणि लिंबाच्या फोडी घेऊन आल्या. नवऱ्यांकडे एकवार बघून म्हणाल्या, "बाई, आज लिंबू दोन फोडी आणलंय."

"बरं केलंत."

नोंदीची सुरुवात नेहमीचीच: अमक्याची कन्या, तमक्याची पुतणी, पुढे तीन सरदारांची पत्नी. मग, 'तिच्या लावण्याची ख्याती दूरवर पसरली होती.' मेल्यांनो, पाहिलं होतं का कुणी? शालनबाईंनी रेघ मारली. वाक्य बशीत पडलं, त्यांनी वर मीठ घातलं आणि तोंडात टाकलं. शिळ्या बासुंदीसारखं लागलं, दातांना चिकटलं. पुढे, 'तेराव्या वर्षी ती उपवर झाल्याने तिचा विवाह पन्नाशीच्या सरदाराशी थाटात पार पडला.' यातला विवाह ठेवावा लागणार होता. त्यांनी 'उपवर झाल्याने' कापलं आणि 'थाटात' कापलं. दोन्हीत केस होते. एक बराच लांब निघाला. त्यांनी तो चिमटीत धरून ओढून काढला, बशीच्या काठाला लावला, आणि उरलेलं गिळलं. म्हाताऱ्यानं त्या केसाकडे बघून दाढी कुरवाळली.

नोंद जेवढी लहान होई, तेवढी खोली लहान होत असे. हा काही दोष नव्हता, इमारत बांधलीच तशी होती. अडीचशे शब्दांवर खिडकी गेली. पावणेदोनशेवर बाक पुढे सरकला आणि नवऱ्यांचे गुडघे टेबलाला टेकले. शालनबाईंनी खुर्ची मागे घ्यायचा प्रयत्न केला, पण मागे भिंत आली होती. तिघांच्या तोंडचा वास आता थेट येत होता, आंबलेल्या ताकाचा आणि लोखंडाचा. अशा माणसांशेजारी त्या बाईनं रात्री काढल्या असतील, या विचारानंच त्यांना शिसारी आली.

शेवटी उरली ती बाईंच्या मते नोंदच नव्हती. तिघांची नावं, त्यांच्या जहागिरी, कोण कधी मेला, कोणाला मुलगे किती. 'तिसरा विवाह प्रेमातून झाला असे मानतात' हे वाक्य त्यांनी मोठ्या आनंदानं कापलं, पण ते इतकं लिबलिबीत होतं की तोंडात धरवेना. लिंबाच्या दोन्ही फोडी संपल्या. आणि तेव्हा त्यांना एक ओळ दिसली, जी इतका वेळ तिसऱ्या नवऱ्याच्या पराक्रमांखाली दबून गेली होती.

'पती वारल्यावर तिने किल्ल्याचा दरवाजा बंद करून तो सात महिने एकटीने लढवला.'

शालनबाईंनी ती दोनदा वाचली. सबंध नोंदीत एर्मेलीननं स्वतःहून केलेली ही एकच गोष्ट होती. बाकी जे काही होतं ते तिच्यावर झालेलं होतं. त्यांनी शब्द मोजले. एकशे दोन भरले. वरची ओळ मोजली, खालची मोजली, पुन्हा सगळं मोजलं. बारा जास्त, आणि त्या ओळीतही बाराच.

"सर, बारा शब्दांची सवलत द्या," त्या म्हणाल्या.

अष्टेकर दारातच उभे होते, कारण आत यायला जागा उरली नव्हती. त्यांनी मान वाकडी करून नोंद वाचली. "ही ओळ काढा ना. बरोबर बसतं."

"या तिसऱ्याच्या मुलग्यांची नावं काढते."

"मुलग्यांच्या नोंदी आहेत. जहागिरींच्याही आहेत. ज्याची नोंद आहे त्याला हात लावता येत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"सात महिने कुणाविरुद्ध लढवला, ते तरी विचारलंत का?"

तिसऱ्या नवऱ्यानं दात कोरणं थांबवलं. "माझ्याविरुद्ध," तो म्हणाला. "मग अन्न संपलं. मग लग्न झालं."

"बघा, मिटलंच होतं ते प्रकरण," अष्टेकर म्हणाले.

शालनबाईंनी संतापानं पेन्सिल त्या ओळीवर टेकवली, आणि रेघ ओढली गेली. इतक्या वर्षांची सवय ती. ओळ सुटली आणि बशीत पडली. तिला वास नव्हता. स्वच्छ, जड आणि गार, नदीतल्या गोट्यासारखी ती बशीत पडून राहिली. भिंत आणखी वीतभर पुढे आली. बाईंनी स्वतःला मनातल्या मनात शिव्या घातल्या. एकदा सुटलेलं वाक्य परत ओळीत बसत नाही, ते कार्यालयातल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

"घ्या, मॅडम. मी खाऊ का, नाहीतर?" रिवाज सोडून अष्टेकरांनी विचारलं.

ते मात्र बाईंना अजिबात चाललं नसतं. त्यांनी ओळ उचलून तोंडात घातली आणि डाव्या गालात सारली. गिळली नाही. जोवर ती गालात होती तोवर कुठल्याशा ग्रंथात ती शाबूत होती, आणि एर्मेलीननं सात महिने जे केलं ते अजून केलेलं होतं.

"मान्य म्हणा," अष्टेकर म्हणाले. नोंद पुरी करायला ती तपासणाऱ्याला एवढा एक शब्द मोठ्यानं उच्चारावा लागे.

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

"तोंडानं म्हणा."

बाईंनी पुन्हा नुसती मान हलवली. लाळ सुटत होती, ती त्या ओठांच्या कोपऱ्यातून पदरावर गळू देत होत्या. गिळायचं म्हणजे सगळंच गिळलं गेलं असतं. गोदाक्का दाराबाहेरून बघत होत्या. त्यांनी हळूच म्हटलं, "बाई, धरून ठेवा." अष्टेकरांनी त्यांना चहा करायला पाठवलं.

मग त्यांनी नवऱ्यांच्या डोक्यांवरून हात लांब करून बाईंच्या गालावर फूटपट्टी टेकवली. गाल आत गेला नाही. "तोंडात आहे अजून," ते म्हणाले, आणि दारातून बाजूला झाले. "आता हे तुमचं तुम्ही बघा."

तिघे नवरे एकमेकांकडे बघत उठले. इतक्या जवळून त्यांच्या दाढ्या बाईंच्या कपाळाला लागल्या. आणि त्याच वेळी बाईंच्या तोंडात, जिभेच्या मागच्या बाजूला, एक बाईमाणसाचा आवाज बोलला. आवाज थकलेला होता, पण घाबरलेला नव्हता.

"दार लावू का, बाई?"

शालनबाईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी मान डोलावली. दातांच्या मागे लाकडावर लाकूड घासलं, आणि जाड अडसर खोबणीत बसला. जबड्यात तो कानापर्यंत जाणवला. मग आत कुणीतरी दगडी पायऱ्या चढून टाळूपर्यंत वर आलं.

दुसरा नवरा वरच्या फळीवरचे खंड काढायची लाकडी शिडी घेऊन आला. म्हाताऱ्यानं तिचं बूड धरलं. तिसऱ्यानं तिचं वरचं टोक शालनबाईंच्या खालच्या ओठावर टेकवलं, हलत नाही ना ते पाहिलं, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.