मचाणाच्या उजवीकडे

बर्फ वितळल्यावर वेंडेलनं शिकारीच्या मचाणापासून वीस पावलं मोजली, खड्डा घेतला आणि सफरचंदाचं रोप लावलं. झाडाला फळं धरली की हरणं आयती बाणाच्या टप्प्यात येणार होती.

शेजारचा मर्ल कुंपणाला टेकून बघत होता. "अरे ठोंब्या, उजवीकडे कशाला लावतोस? उजव्या हातानं बाण सोडणाऱ्याला तिकडं वळता येतं का? हरीण पोटभर खाऊन ढेकर देईल, आणि तू वर बसून वळवळत राहशील! तिकडं फक्त डावखुऱ्याला..."

मर्लनं डोक्यावरची टोपी काढली. वेंडेलचा एकुलता एक मुलगा, डावखुरा कर्ट, फेब्रुवारीतच वारला होता.

 वेंडेलनं रोपाला पाणी घातलं, बादली खाली ठेवली आणि दुसऱ्या रोपासाठी पावलं मोजायला निघाला. उजवीकडेच.