दोन भिंतींच्या मधली खोली

थोरल्याने धाकट्याच्या डोक्यात दिवा घातला तेव्हा डिझायनरबाई सरकत्या भिंतीला कान लावून तिच्या रुळाचा आवाज ऐकत होत्या.

दिवा पितळी होता, उभा होता, आणि एका हाताने उचलता यावा म्हणून बाईंनी तो मुद्दाम आतून पोकळ करून घेतला होता. माणसाने उजेडाच्या मागे का जावं, उजेडाने माणसाबरोबर यावं, असं त्यांचं म्हणणं. थोरल्याने तो एकाच हाताने उचलला, म्हणजे कल्पना बरोबर होती. धाकटा कपाळाला हात लावून मागे गेला. हाताकडे पाहिलं, तो लाल झाला होता. मग त्याने घडीची खुर्ची उचलली. तीही हलकीच होती.

"दादा, आज मी तुला सोडत नाही," तो म्हणाला आणि खुर्ची दादाच्या बरगड्यांत हाणली.

मारतानासुद्धा दादाच म्हणाला. घरात वळण चांगलं होतं.

बाईंनी भिंतीवरून कान काढला नाही. त्या भांडण सोडवायला आलेल्याच नव्हत्या. दोघा भावांनी आपापला वेगळा फोन करून एकच तक्रार केली होती, की मॅडम, तुमची भिंत अडकते. पन्नाशीच्या बाईंना कामात खोट काढलेली खपत नसे. त्या आपल्या सुतार मिस्त्रीला घेऊन सकाळीच हजर झाल्या होत्या. मिस्त्रीने एकदा मारामारीकडे आणि एकदा स्वतःच्या हत्यारांच्या पेटीकडे पाहिलं, आणि गुपचूप पेटीवर बसून घेतलं.

बाई घरं सजवत नसत, घरं हलवत असत. त्यांचं लहानपण एका खोलीत गेलं होतं. सकाळी तिथे स्वयंपाक व्हायचा, दुपारी वडील तिथेच शिवणयंत्र मांडायचे, संध्याकाळी भावंडं अभ्यासाला बसायची आणि रात्री सगळं भिंतीला टेकवून गाद्या पडायच्या. मोठेपणी बाईंना शोध लागला, की श्रीमंत लोकांनाही हेच हवं असतं, फक्त गादीवर मखमल लागते. मग त्यांनी जन्मभर तेच केलं. ज्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसता येत नाही तो सोफा नव्हे, फोटो आहे, असं त्या गिऱ्हाइकाला तोंडावर सांगत. त्यांचे रंग ओल्या फडक्याने पुसले जात. त्यांच्या टेबलांचे पाय हाताने फिरवले की निघत. आणि त्यांच्या भिंती सरकत, एका बोटाने, कुठल्याही बाजूने. जागची न हलणारी भिंत म्हणजे डिझायनरने हात टेकले, हे त्यांचं भाषणातलं ठरलेलं वाक्य. एका मासिकात फोटोही आला होता: बाई, भिंत आणि एक बोट.

ह्या घराची अडचण एवढीच झाली, की त्यात न उचलता येणारी वस्तूच नव्हती. पूर्वीच्या कपाटांचं बरं होतं. रागाच्या भरात उचलायला गेलं, तर कपाट जागेवर राहायचं आणि राग खाली यायचा. इथे रागाला खाली यायला वेळच मिळत नसे. थोरल्याने आता टेबलाचा पाय फिरवून काढला होता.

घर आप्पांचं, म्हणजे ह्या दोघांच्या वडिलांचं होतं. आप्पांनी उभा जन्म प्लास्टिकच्या बादल्या बनवल्या. गुडघे थकले तेव्हा कारखाना विकून उंच इमारतीतला अख्खा मजला घेतला आणि बाईंना बोलावून सांगितलं, की घर कसंही करा, पण माझ्या पोरांच्यात भिंत नको.

बाईंची कामाची एक रीत होती. नवीन घर आखण्याआधी त्या गिऱ्हाइकाच्या जुन्या घरात एक अख्खा दिवस कोपऱ्यात स्टुलावर बसून काढत. कोण कुठे बसतं, कोण कुणाकडे बघून हसतं, दार कोण लोटून घेतं. आप्पांच्या घरीही त्या बसल्या. दोन्ही मुलगे बोलताना सारखे आप्पांकडे बघत होते. बाईंना भरून आलं. बापाला एवढा मान, म्हणजे हे घर एकत्र राहणारं, असं त्यांनी मनात पक्कं केलं. वास्तविक ते दोघे एकमेकांशी बोलतच नव्हते. जे काय सांगायचं ते आप्पांना सांगत होते आणि आप्पा ते पलीकडे पोचवत होते. जेवताना मिठाची वाटीसुद्धा आप्पांच्या हातून पलीकडे जात होती. आजवर दार लोटणारा माणूस बाईंनी नेमका हेरला होता, पण इथे बापच दाराचं काम करत होता आणि ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

तर त्यांनी आप्पांच्या मनासारखं करून दिलं. दिवसा सगळा मजला एक. रात्री दोन भिंती सरकवल्या की तीन भाग: ह्या टोकाला थोरला, त्या टोकाला धाकटा, मधे आप्पा.

पहिले काही महिने भिंती सकाळी उघडत. मग धाकट्याने पळायचं यंत्र आणलं आणि ते बसेना म्हणून त्याच्या बाजूची भिंत वीतभर मधे घेतली. थोरल्याने ते पाहिलं. त्याला काही आणायचं नव्हतं, पण त्यानेही आपली भिंत वीतभर मधे घेतली, नाहीतर अन्याय झाला असता. त्यानंतर भिंती उघडायच्या बंद झाल्या, पण सरकायच्या थांबल्या नाहीत. दोघांच्यातली हद्द कुणाला ठाऊक नव्हती, कारण दोघांच्यात हद्द नव्हतीच, आप्पा होते. आधी आप्पांचं टेबल बाहेर गेलं. मग कपाट. मग आरामखुर्ची. सुना दोघी कंटाळून माहेरी गेल्या आणि तिथून रोज एकमेकींना फोन करू लागल्या, त्यांचं छान जमलं होतं.

बाईंनी भिंतीवरून कान काढला. रूळ ठीक होता, चाकं ठीक होती. भावांना वळसा घालून त्या पॅसेजमध्ये आल्या आणि त्यांनी आप्पांच्या खोलीचं दार ढकललं.

आतमध्ये कॉट होती आणि कॉटवर आप्पा होते. एवढंच होतं. कॉट एका अंगाने धाकट्याच्या भिंतीला चिकटली होती. दुसऱ्या अंगाला थोरल्याची भिंत, आणि मधे पाय खाली सोडता येतील एवढी फट. आप्पा पाय सोडून बसले होते आणि त्यांचे गुडघे भिंतीला टेकले होते. भिंत अडकत होती ती इथे. तिला आप्पा लागत होते.

बाईंनी विचारलं, हे असं कधीपासून. आप्पा म्हणाले, छे छे, ऐसपैस आहे, माणसाला लागतं किती. थंडीत तर उलट ऊब राहते. भिंतीचं काम मात्र अप्रतिम झालंय, कुठे कर्रकन वाजत नाही, रात्री कधी सरकते ते कळतसुद्धा नाही. हे त्यांनी खरोखर कौतुकाने सांगितलं. बाईंना बसा म्हणावं म्हणून त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आणि विषय बदलला.

तेवढ्यात पलीकडे थोरल्याने धाकट्याला दोन्ही हातांनी उचलून आपल्या भिंतीवर आपटलं.

भिंत एका बोटाने सरकायची. धाकटा चांगला धिप्पाड होता. आप्पांना सवय असावी. आवाज आल्याबरोबर त्यांनी पाय झटकन वर घेतले, आणि तोल सावरायला हात कॉटच्या कडेवर ठेवला. भिंत धावत आली आणि कॉटपाशी हळू झाली. त्या भिंतीला एक खास यंत्रणा होती: कुणी दचकू नये म्हणून समोर काही आलं की शेवटचा टप्पा ती आपली आपण, अलगद मिटायची. बाईंनी ती परदेशातून मागवली होती. ती मधे थांबत नसे. भिंत अलगद आप्पांच्या बोटांवर आली आणि अलगद मिटत राहिली, आणि बाईंना वाळकी काटकी मोडावी तसा आवाज ऐकू आला. मग आणखी एकदा.

आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी फक्त तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

बाईंनी दोन्ही हातांनी भिंत मागे लोटली. मधली दोन बोटं भलत्याच दिशेला वळली होती आणि नखांच्या खालून रक्त चादरीवर उतरत होतं. मिस्त्री धावत आला. त्याच्या मागे थोरला आणि धाकटा, एकाचा हात बरगड्यांवर, दुसऱ्याचा कपाळावर. दोघे दारात अडकून उभे राहिले. त्यांनी आप्पांचा हात पाहिला. मग भिंत पाहिली.

"माझ्या हातून नाही झालं," थोरला म्हणाला. "आदळला हा."

धाकटा म्हणाला, आदळलो नाही, आदळवलं मला. आणि भिंत कुणाच्या बाजूची, ते आधी बघा. थोरला म्हणाला, भिंत माझी असेल पण वजन तुझं होतं. ह्यावर धाकट्याने थोरल्याच्या कानाखाली वाजवली. दाराच्या चौकटीत जागा कमी असल्यामुळे त्यांना नीट मारता येत नव्हतं, तरी त्यांनी प्रयत्न सोडला नाही. थोरल्याने धाकट्याच्या दंडाचा चावा घेतला. दोघांचीही चाळिशी उलटलेली होती.

बाई आप्पांना म्हणाल्या, चला, गाडी खाली आहे, आधी दवाखान्यात जाऊ. आप्पांनी उशीचा अभ्रा काढून हाताला गुंडाळला. पांढरे पडले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"आधी भिंत," ते म्हणाले. "मी दवाखान्यात गेलो, तर परत येईपर्यंत ही खोली राहायची नाही, ताई."

पोरांसमोर हे त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं असावं, कारण चावणारा चावायचा थांबला.

बाईंनी दोन्ही भिंतींमधली फट डोळ्यांनी मोजली. मग मिस्त्रीला म्हणाल्या, ड्रिल काढ, आणि लांबातले बोल्ट. मिस्त्रीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ज्या संगमरवरावर त्याला वर्षभर मोजे घालून चालायला लावलं होतं, त्याला भोक पाडायचं? "ताई, फरशी तडकेल हो," तो हळूच म्हणाला. बाई म्हणाल्या, तडकू दे.

"आप्पा, किती जागा ठेवू?"

आप्पांनी विचार केला. सगळा मजला त्यांच्या नावावर होता. "एक खुर्ची बसेल एवढी बघा," ते म्हणाले. "कोणी आलं तर."

बाईंनी त्याहून बरीच जास्त ठेवली. थोरल्याची भिंत त्यांनी मागे, मागे, त्याच्या सोफ्याला धक्का लागेपर्यंत नेली, तेव्हा थोरला भानावर आला. माझ्या घरात कुणाला विचारून, असं म्हणत त्याने बाईंचं मनगट धरून पिरगाळलं. बाईंच्या दुसऱ्या हातात पाणसळ होती, भिंत सरळ आहे की नाही ते दाखवणारी, हातभर लांब ॲल्युमिनियमची पट्टी. त्यांनी ती आडवी फिरवली. थोरल्याचं नाक एका बाजूला गेलं आणि तो खाली बसला. त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. बाईंनी पाणसळ भिंतीला लावून पाहिली. तिच्यातला बुडबुडा अजून मधोमध होता.

"मिस्त्री, लाव," त्या म्हणाल्या.

धाकटा पुढे आला नाही. त्याची भिंत मागे नेताना त्याने एका बाजूने हातसुद्धा लावला. दादाचं नाक फुटल्यामुळे त्याला आतून बरं वाटत असावं.

ड्रिल फरशीत शिरलं तसा सगळा मजला थरथरला. पांढरा भुगा उडाला आणि तिघांच्या रक्तावर बसला. संगमरवर तडकला, एक बारीक काळी रेघ भिंतीपासून निघून थोरल्याच्या सोफ्याखाली गेली. बाई गुडघ्यांवर बसून बोल्ट स्वतः आवळत होत्या, पाना निसटून हाताची सालं निघाली तरी आवळत होत्या. काम झाल्यावर त्यांनी भिंतीला बोट लावलं. भिंत हलली नाही. मग हात लावला. मग खांदा लावून सगळं अंग टाकलं. भिंत हलली नाही. मिस्त्रीला वाटलं बाई खूश होतील, पण त्या बराच वेळ खांदा भिंतीला तसाच टेकवून राहिल्या.

एकाच गाडीतून सगळे दवाखान्यात गेले. आप्पा पुढे, भाऊ मागे, आणि त्या दोघांच्या मधे बाई. डॉक्टरांनी आधी बोटं बघितली, मग कपाळ, मग नाक, आणि विचारलं, की काय झालं. थोरला म्हणाला, दार लागलं. धाकटा म्हणाला, हो, दारच. कित्येक वर्षांत दोघांचं एकमत झालं ते एवढंच. डॉक्टर बाईंच्या मनगटाकडे बघत म्हणाले, भलतंच दार दिसतंय.

परत आल्यावर भाऊ आपापल्या टोकाला गेले. पॅसेजच्या भिंतीवर धाकट्याचा रक्ताचा पंजा उमटला होता, मिस्त्री तो ओल्या फडक्याने पुसत होता. डाग सहज गेला. रंग खरंच चांगला निघाला, असं तो बाईंना सांगणार होता, पण त्या आप्पांच्या दारात उभ्या होत्या आणि त्यांनी त्याला हातानेच थांबवलं.

आप्पा कॉटवर उताणे पडले होते. कॉट आता खोलीच्या मधे आली होती. त्यांनी आधी चांगला हात बाजूला पसरला, जरा भीत भीत, आंधळा माणूस चाचपतो तसा. काही लागलं नाही. मग प्लास्टरमधला हात दुसऱ्या बाजूला पसरला. तोही काही न लागता हवेत राहिला. आप्पांनी डोळे मिटले, आणि हात तसेच ठेवून ते पडून राहिले.