उंदीर परत बोलावताना

दुपारच्या डुलकीनंतर आई उठली, तिने लॅपटॉपलाही उठवलं. टचपॅड तेवढं झोपेतच राहिलं. पडद्यावर दूरदेशी गेलेल्या लेकीचा फोटो होता आणि बाण तिच्या नाकावर माशीसारखा बसला होता. हलेल तर शपथ! लेकीला बघायचं, तर व्हिडिओचं हिरवं बटण पार कोपऱ्यात.

शेवटी आईने मोबाईलवरून तिलाच फोन लावला.

"लॅपटॉपच्या त्या लिनक्स सिस्टिममध्ये होतं असं कधीकधी," लेक म्हणाली. "सांगते तसं टाईप कर. आधी उंदराला घालवायचं, मग परत बोलवायचं."

"कुठला उंदीर गं?"

"अगं बाई, टचपॅड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या नावात 'माऊस' आहे ना, तो!"

अक्षर अक्षर शोधत आईने पहिली ओळ लिहिली. एंटरवर मात्र बोट अडलं.

"घालवलेला येतो ना नक्की परत?"



"येतो गं. तू बोलावलंस की येतो."

आईने त्याला घालवलं, दुसरी ओळ लिहून बोलावलं आणि बोट फिरवलं. बाण नाकावरून अलगद उठला, उन्हातल्या रुईच्या म्हातारीसारखा तरंगत हिरव्या बटणावर टेकला. आईने ते दाबलं आणि फोटोच्या जागी लेकीचा हलता-बोलता चेहरा उमटला.

"आलीस का गं," आई म्हणाली, आणि टचपॅड सोडून पडद्यावरच बोट फिरवत राहिली.