एक सूप थांबलं नव्हतं

"सांग गो बाईजा, ती घरजावयाची! ही पोर शहापूरच्या कॉलेजातनं टेप घेऊन आलीय," रखमी म्हणाली. लग्नाच्या मांडवात तांदूळ पाखडणाऱ्या बाया खुदखुदल्या.

कुडाला टेकून दोरी वळणाऱ्या धाकलूनं ओळखलं, आता आपली पाळी! शेणव्याला घरजावई होऊन त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती. गावात लग्न निघालं, की तांदूळ पाखडताना ही गोष्ट व्हायचीच. गोष्टीचा त्याला राग नव्हता. एकच किडा डोक्यात वळवळायचा: आपल्या पाठीमागं गिरजाही पदर तोंडाला लावून हसते का? बायकोला विचारणार कसं? आणि घरजावयानं बायांकडं वळून बघितलं असतं, तर त्याचीही गोष्ट झाली असती.

बाईजा रंगात आली. घरजावई रानातून परतला, तो बैल मोकळा आणि जू ह्याच्या मानेवर! सासू म्हणाली, "आरं, ह्ये काय?" तो म्हणाला, "बैल दमलाय, मामी." जेवताना सगळ्यांच्या पानात भात पडला, जावयाच्या पानात पेंढा!

हशानं मांडव दणाणला. धाकलूही हसला.

सरितानं, त्या कॉलेजातल्या पोरीनं, टेप मागं फिरवून लावला. बाया आपापलं हसू ओळखू लागल्या. "ही बघ पारू, कशी खिंकाळते!" धाकलू सरकत सरकत जवळ आला.

"ह्यो बाप्या कोन गो, सगल्यांच्या आधी हसनारा?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच की, काका!" सरिता म्हणाली.

धाकलूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी म्हणाला, "पुन्ना लाव, बाय."

टेपात हशा उठला तशी सगळी सुपं थांबली होती. एक सोडून. दोन झटके, एक थाप. दोन झटके, एक थाप. गिरजाचं पाखडणं त्यानं झोपेतही ओळखलं असतं.

संध्याकाळी घराकडं जाताना त्यानं धीर केला. "तू कदी हसलीच नायस?"

गिरजानं सूप काखेत मारलं. "मी वाट बघत व्हते. तुमी हसायचे कदी थांबाल त्याची."

धाकलूनं तिच्या काखेतलं सूप काढून घेतलं आणि साऱ्या गावादेखत स्वतःच्या डोक्यावर ठेवून चालू लागला.