बारक्याच्या भिंतीवरचा चौक

हर्षाली सिस्टरची झोप गोवरानं उडवली होती. पलीकडच्या पाड्यावर पोरं तापानं फणफणली होती, आणि साखरशेतजवळच्या या पाड्यावर लस घ्यायला काळं कुत्रं फिरकत नव्हतं. फिरकणार कसं? अंगणवाडीच्या दारावर तिनंच कागद चिकटवला होता, ‘पात्र लाभार्थ्यांनी विहित दिनांकास सत्रस्थळी उपस्थित राहावे.’ अहो, हे वाचून शिकलेला माणूससुद्धा घरीच बसेल!

मग बाईंना सुचलं, चित्र काढू. इथल्या पद्धतीचं, पांढऱ्या काडीच्या माणसांचं काढलं की कळेल लोकांना. सिस्टर मूळची संगमनेरची. तसली चित्रं तिनं पाहिलेली ती पिशव्यांवर आणि चहाच्या कपांवर. रस्त्यालगत बारक्याचं घर होतं, भिंत गेरूनं सारवलेली. “इथं काढू का रे?” तिनं विचारलं. बिनलग्नाचा बारक्या आधी लाजला, मग म्हणाला, “काढा की सिस्टर! तुमच्या तोंडात साखर पडो.”

तिनं तांदळाच्या पिठानं मोठा चौकोन काढला. त्यात हात वर केलेली बाई, म्हणजे ती स्वतः. भोवती पोरं घेऊन आलेल्या बाया. “सोमवारी सगळ्यांना यायला सांग,” असं बारक्याला बजावून ती गेली.

सोमवारी बारक्याच्या अंगणात अख्खा पाडा लोटला. सिस्टरला आभाळ ठेंगणं झालं. मग दिसलं, बाया ठेवणीतली लुगडी नेसून आल्यात, ढोलवाला ढोल तापवतोय, आणि लग्न लावणारी धवलेरी, रामी आजी, गळा साफ करतेय.

“आजी, हे काय?”

“काय म्हंजे? चौक तूच काढलास ना? लगीन नसताना कोण काढतं गं भिंतीवर चौक? मधी देवीपण बसवलीस. बरी काढलीस, जरा जाडी झालीय.”

सिस्टरला घाम फुटला. लोक उठून गेले तर पोरं तशीच राहणार! ती ओरडलीच, “लग्न नाहीये! गोवर येतोय. पोरं आणलीत ना? मग एकेकाला इथं आणा, टोचून घ्या, मग घरी जा!”

“हे असं सांगायचं ना आधी!” म्हणत रामीनं पहिलं नातवालाच पुढं ढकललं. पोरांनी भोकाड पसरलं, पण एकही पोर सुटलं नाही.

शेवटी नवा शर्ट घालून बारक्या पुढं आला.

“तुला लस नाही रे,” सिस्टर म्हणाली.

“लस नको. नवरी कुठंय?”

सिस्टर रामीकडं बघायला लागली. “चौक काढलास, आता लगीन तूच जमवायचं,” रामी म्हणाली आणि पिशवी उचलून चालती झाली.

तेव्हापासून हर्षाली सिस्टर कुठल्याही पाड्यावर गेली की आधी पोरं टोचते, आणि मग हळूच विचारते, “मावशी, घरात लग्नाची मुलगी आहे का हो?”